ईसीआर पासपोर्टवर परदेशी नोकरी: व्हिसा आल्यानंतरची ‘उत्प्रवास परवानगी’ म्हणजे काय आणि ती कशी मिळवावी

थोडक्यात

- दहावी उत्तीर्ण नसलेल्या बहुतेक भारतीयांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ अशी नोंद असते. अशा पासपोर्टवर ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचे असेल, तर व्हिसाबरोबरच भारत सरकारची उत्प्रवास परवानगी लागते.
- ही परवानगी ‘उत्प्रवासी संरक्षक’ हे अधिकारी देतात. अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर ऑनलाइन करावा लागतो. शासकीय शुल्क २०० रुपये आहे.
- परवानगीसाठी प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी घेणे बंधनकारक आहे. हप्ता २ वर्षांसाठी २७५ रुपये किंवा ३ वर्षांसाठी ३७५ रुपये आणि लागू असल्यास कर इतका आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते.
- नोंदणीकृत भरती एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी घेऊ शकतो.
- मोफत मदतवाहिनी: १८००-११-३०९०.

दोन देश, दोन परवानग्या

व्हिसा हाती आला की परदेशी जाण्याचे काम पूर्ण झाले, असा अनेकांचा समज असतो. ईसीआर पासपोर्टधारकासाठी तो अपुरा आहे. व्हिसा हा ज्या देशात जायचे त्या देशाने दिलेला प्रवेशाचा परवाना आहे. आपल्या देशातून नोकरीसाठी बाहेर पडण्याची परवानगी भारत सरकार देते. तिलाच उत्प्रवास परवानगी किंवा एमिग्रेशन क्लिअरन्स म्हणतात.

इथे शब्दांचा एक घोळ नेहमी होतो. देशातून बाहेर जाणे म्हणजे ‘एमिग्रेशन’ आणि देशात येणे म्हणजे ‘इमिग्रेशन’. बोलताना आपण दोन्हींना ‘इमिग्रेशन’च म्हणतो. त्यामुळे “तुमचे इमिग्रेशन झाले आहे” असे एजंटने सांगितले, तर त्याचा अर्थ व्हिसा मिळाला असा आहे की उत्प्रवास परवानगी मिळाली असा, हे स्पष्ट विचारून घ्यावे. विमानतळावरील इमिग्रेशन काउंटर ही तिसरीच गोष्ट आहे. तिथले अधिकारी वरील दोन्ही परवानग्या आहेत की नाहीत, हे तपासतात.

या परवानगीचा आधार उत्प्रवास अधिनियम, १९८३ हा आहे. कमी शिकलेल्या कामगाराला परक्या भाषेतला करार वाचता येत नाही आणि मालक कोण हे तपासता येत नाही. म्हणून तो देशाबाहेर पडण्याआधीच मालक, पगार आणि एजंट यांची तपासणी व्हावी, हा या व्यवस्थेचा उद्देश आहे. अर्ज, साक्षांकन, विमा, पावत्या हे सारे कटकटीचे वाटते, हे खरे. पण परदेशात काही बिनसले, तर कामगाराला काय कबूल केले होते याची सरकारदरबारी असलेली नोंद याच कागदांतून तयार झालेली असते.

ही परवानगी कोणाला लागते?

पुढील तिन्ही गोष्टी लागू होत असतील, तर परवानगी आवश्यक आहे.

१. तुमचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा आहे. अशा पासपोर्टवर इंग्रजीत ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ अशी नोंद असते. ही नोंद नसेल, तर पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे तपासणी आवश्यक नसलेला मानला जातो. ‘ईसीएनआर’ असा वेगळा शिक्का आता मारला जात नाही.

२. तुम्ही पुढील १८ देशांपैकी एका देशात जात आहात: अफगाणिस्तान, इंडोनेशिया, इराक, ओमान, कतार, कुवेत, जॉर्डन, थायलंड, दक्षिण सुदान, बहारीन, मलेशिया, येमेन, लिबिया, लेबनॉन, संयुक्त अरब अमिराती, सीरिया, सुदान, सौदी अरेबिया.

३. जाण्याचा हेतू नोकरी हा आहे. हज, उमरा, पर्यटन किंवा नातेवाइकांची भेट यांसाठी ही परवानगी लागत नाही.

कोणाला ईसीएनआर पासपोर्ट मिळू शकतो?

- दहावी किंवा त्यापुढील परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्ती
- ५० वर्षांवरील व्यक्ती आणि १८ वर्षांखालील मुले
- प्राप्तिकर भरणाऱ्या व्यक्ती
- मान्यताप्राप्त संस्थेतून २ वर्षांची पदविका घेतलेल्या व्यक्ती
- ३ वर्षांपेक्षा अधिक काळ परदेशात राहिलेल्या व्यक्ती
- सीडीसी, म्हणजे खलाशांचे अधिकृत प्रमाणपत्र असलेल्या व्यक्ती. कोकण आणि गोव्यातून जहाजावर जाणाऱ्या अनेकांना हा निकष लागू होतो.

दहावी उत्तीर्ण असूनही केवळ पासपोर्ट काढताना प्रमाणपत्र जोडले नाही म्हणून ईसीआर नोंद झालेले अनेक जण असतात. तुम्ही वरीलपैकी एका गटात बसत असाल, तर पासपोर्ट सेवा पोर्टलवर पुरावा जोडून पासपोर्ट पुन्हा जारी करण्यासाठी अर्ज करा आणि ईसीआर नोंद काढून घ्या. नोकरी शोधायला लागण्यापूर्वीच हे केलेले बरे. व्हिसा जुन्या पासपोर्ट क्रमांकावर निघाला असेल, तर ऐनवेळी पासपोर्ट बदलणे गैरसोयीचे ठरते.

महिला आणि परिचारिकांसाठी विशेष नियम

ईसीआर पासपोर्टधारक महिलेला या १८ देशांत नोकरीसाठी परवानगी मिळण्यास किमान वय ३० वर्षे पूर्ण असावे लागते. त्यांची भरती खासगी एजंटांऐवजी शासकीय भरती संस्थांमार्फत होते. केरळमधील नॉर्का रूट्स आणि ओडेपेक, तमिळनाडूतील ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन, तेलंगणातील टॉमकॉम ही अशा संस्थांची उदाहरणे आहेत. परदेशी मालकाने महिलेला घरकामासाठी थेट नेमले, तर त्याला भारतीय दूतावासाकडे २,५०० अमेरिकी डॉलरची हमी ठेवावी लागते.

परिचारिकांचे शिक्षण दहावीच्या पुढचे असल्याने त्यांचा पासपोर्ट ईसीएनआर असतो. तरीही या १८ देशांत परिचारिका म्हणून नोकरीसाठी जाताना २०१५ पासून त्यांनाही उत्प्रवास परवानगी घ्यावी लागते.

पहिली पायरी: एजंट खरा आहे का?

परदेशी नोकरीसाठी भरती करण्याचा परवाना उत्प्रवासी महासंरक्षक देतात. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत भरती एजंटांची यादी सर्वांसाठी खुली आहे. त्यासाठी लॉगिन करावे लागत नाही. पुढील गोष्टी तपासा.

- एजंटचे नाव आणि परवाना क्रमांक यादीत आहे का?
- परवाना चालू आहे, निलंबित आहे की रद्द झालेला आहे?
- यादीतला पत्ता आणि तुम्ही ज्या कार्यालयात गेलात तो पत्ता एकच आहे का?

परवाना विशिष्ट कार्यालयासाठी असतो. गावात येऊन “मी मुंबईच्या अमुक कंपनीचा माणूस” असे सांगणाऱ्या मध्यस्थाला, म्हणजे सब-एजंटला, या कायद्यात स्थान नाही. तो ओळखीचा असेल, शेजारच्या गावचा असेल किंवा नात्यातलाही असेल. तरीही त्याच्या हाती पासपोर्ट किंवा रोख रक्कम देऊ नये. ज्याच्या नावावर परवाना आहे, त्याच्याच कार्यालयात जावे आणि पैसे त्याच्याच बँक खात्यात भरावेत.

परवान्याशिवाय भरती करणे हा गुन्हा आहे. उत्प्रवास अधिनियमाच्या कलम २४ नुसार त्यासाठी २ वर्षांपर्यंत कारावास आणि २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फसवणुकीसाठी पोलिसांत स्वतंत्र गुन्हाही दाखल होऊ शकतो.

दुसरी पायरी: करार वाचणे

सही करण्यापूर्वी करार समजणाऱ्या भाषेत वाचून घ्या. त्यात पुढील गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात.

- मालकाचे किंवा कंपनीचे पूर्ण नाव आणि पत्ता
- कामाचे नेमके स्वरूप आणि ठिकाण
- मूळ पगार, भत्ते आणि पगार कोणत्या चलनात मिळणार
- रोजचे कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि जादा कामाचा मोबदला
- निवास, जेवण, कामाच्या जागी नेण्या-आणण्याची सोय आणि औषधोपचार
- कराराची मुदत, रजा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च
- कामगाराचा मृत्यू झाल्यास पार्थिव भारतात पाठवण्याची जबाबदारी
- वाद झाल्यास तो सोडवण्याची पद्धत

भारत सरकारने देशानुसार आणि कामानुसार किमान शिफारस वेतन ठरवून दिले आहे. ते ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. करारातील पगार त्यापेक्षा कमी असेल, तर परवानगी अडते.

करारातील काम आणि व्हिसावरील काम एकच असले पाहिजे. “व्हिसावर साफसफाई कामगार असे असले, तरी तुम्हाला ड्रायव्हरचेच काम मिळेल” असे कोणी सांगितले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. तिथल्या सरकारच्या लेखी व्हिसावरील कामच खरे असते.

‘आझाद व्हिसा’ किंवा ‘फ्री व्हिसा’ या शब्दांपासूनही सावध राहा. कोणाच्या तरी नावे व्हिसा घ्यायचा आणि तिथे गेल्यावर मिळेल ते काम मिळेल तिथे करायचे, असा या शब्दांचा प्रत्यक्षातला अर्थ आहे. आखाती देशांच्या कायद्यात असा व्हिसा नाही. व्हिसा ज्याच्या नावे आहे तो सोडून दुसरीकडे काम करताना पकडले गेल्यास अटक आणि हद्दपारी होऊ शकते. सौदी अरेबियात मालकाने कामगार पळून गेल्याची तक्रार नोंदवली, तर त्याला ‘हुरूब’ म्हणतात. अशी नोंद झाल्यावर कामगाराला तिथे कायदेशीरपणे काम करता येत नाही आणि नेहमीच्या मार्गाने घरी परतणेही अवघड होते.

तिसरी पायरी: परवानगीसाठी अर्ज

नोकरी कशी मिळाली यावर अर्जाचा मार्ग अवलंबून असतो.

*नोंदणीकृत एजंटमार्फत नोकरी असल्यास:* परदेशी मालक ई-मायग्रेटवर नोंदणी करतो, किती आणि कोणते कामगार हवेत याची मागणी तिथे नोंदवतो आणि एजंटला अधिकार देतो. त्यानंतर एजंट तुमच्या वतीने अर्ज भरतो. अर्जात टाकलेला पगार आणि तुम्ही सही केलेल्या करारातला पगार एकच आहे का, हे अर्जाची प्रत मागून तपासा.

*परदेशी मालकाने थेट नेमले असल्यास:* मालकाची कागदपत्रे आणि करार त्या देशातील भारतीय दूतावासाने साक्षांकित केलेले असावे लागतात. त्यानंतर कामगार स्वतः ई-मायग्रेटवर अर्ज करू शकतो. नातेवाइकाने मिळवून दिलेल्या नोकऱ्या बहुधा याच प्रकारात मोडतात.

*शासकीय भरती संस्थेमार्फत नोकरी असल्यास:* अर्जाची जबाबदारी ती संस्था घेते.

थेट नियुक्तीच्या अर्जासाठी साधारणपणे पुढील कागद लागतात.

- किमान ६ महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट
- वैध नोकरी व्हिसा
- भारतीय दूतावासाने साक्षांकित केलेला नोकरीचा करार
- प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी
- २०० रुपये शुल्क भरल्याचा पुरावा

अर्ज मंजूर झाला की परवानगीची नोंद ऑनलाइन होते आणि ती विमानतळावरील इमिग्रेशन अधिकाऱ्यांना दिसते. तरीही तिची छापील प्रत जवळ ठेवावी आणि एक प्रत घरी द्यावी.

मुंबईतील उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, चंदीगड, कोची, तिरुवनंतपुरम, जयपूर आणि रायबरेली यांसह इतर शहरांतही अशी कार्यालये आहेत. ज्यांना स्वतः ऑनलाइन अर्ज करणे जमत नाही, त्यांनी जवळच्या सामाईक सेवा केंद्रात, म्हणजे सीएससीत, ई-मायग्रेटच्या सेवेबद्दल विचारावे.

खर्च किती यावा?

- उत्प्रवास परवानगी शुल्क: २०० रुपये
- विमा हप्ता: २७५ किंवा ३७५ रुपये आणि लागू असल्यास कर
- एजंटचे सेवाशुल्क: कमाल ३०,००० रुपये. १८ टक्के जीएसटीसह ही रक्कम ३५,४०० रुपये होते.
- पोलीस पडताळणी प्रमाणपत्र लागत असल्यास: ५०० रुपये

वैद्यकीय तपासणी, कागदपत्रांचे साक्षांकन आणि तिकीट यांचा खर्च देश आणि करारानुसार बदलतो. त्यातला कोणता खर्च मालक करणार आहे, हे करारात पाहा. एजंटचे सेवाशुल्क मात्र कोणत्याही कारणाने वरील मर्यादेच्या पुढे जाऊ शकत नाही. ‘व्हिसाची किंमत’, ‘साहेबांचा खर्च’ अशा नावांखाली मागितलेल्या रकमेची पावती मिळत नाही, यातच तिचे उत्तर आहे. घर गहाण ठेवून किंवा सावकाराकडून कर्ज काढून गेलेला कामगार, परदेशात कितीही हाल झाले तरी कर्ज फिटेपर्यंत तक्रार करायला कचरतो. म्हणून जादा पैसे देण्यास नकार देणे ही आपल्या सुरक्षेची पहिली पायरी आहे.

प्रवासी भारतीय विमा योजना

ही योजना २००३ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिच्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. मुख्य लाभ पुढीलप्रमाणे आहेत.

- अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व: १० लाख रुपये
- दुखापत आणि आजारासाठी रुग्णालयाचा खर्च: १ लाख रुपयांपर्यंत, एका वेळी ५०,००० रुपयांच्या मर्यादेत
- नोकरीशी संबंधित कायदेशीर खर्च: ४५,००० रुपयांपर्यंत
- महिला कामगारांसाठी प्रसूती खर्च: सिझेरियन झाल्यास ५०,००० रुपयांपर्यंत
- कामगाराचा मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास भारतातील कुटुंबासाठी रुग्णालय खर्च: ५०,००० रुपयांपर्यंत
- मृत्यू झाल्यास पार्थिव भारतात आणण्याचा खर्च आणि सोबत येणाऱ्या एका व्यक्तीचे विमान भाडे

विमानतळावर मालक घ्यायला आलाच नाही, तिथे गेल्यावर करारात कामगाराच्या तोट्याचा मोठा बदल केला किंवा कामगाराची चूक नसताना मुदतीआधी काढून टाकले, तर परतीच्या विमानभाड्याची भरपाई मागता येते. त्यासाठी भारतीय दूतावासाचे प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष तिकिटे जोडावी लागतात.

परदेशात मालक किंवा कामाचे ठिकाण बदलले, तरी मुदत असेपर्यंत पॉलिसी चालू राहते. मुदत संपण्यापूर्वी तिचे ऑनलाइन नूतनीकरण करता येते. पॉलिसीची प्रत आणि वारसाचे नाव घरच्यांना माहीत असणे अत्यंत आवश्यक आहे. पॉलिसी कुठे ठेवली आहे हेच घरात कोणाला ठाऊक नसेल, तर विम्याचा दावा करणार कोण?

व्हिजिट व्हिसाचा ‘सोपा’ मार्ग

वरील सर्व पायऱ्या टाळण्यासाठी काही एजंट एक पर्याय सुचवतात: “व्हिजिट व्हिसावर जा, तिथे पोचल्यावर नोकरीचा व्हिसा करून देतो.” भेटीसाठी जाणाऱ्याला उत्प्रवास परवानगी लागत नाही, याचा हा गैरफायदा आहे. या मार्गात नेमके काय हातचे जाते, हे एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

नववीपर्यंत शिकलेल्या एका गवंड्याला आखाती देशात महिना ठरावीक पगाराची नोकरी सांगितली जाते. एजंट म्हणतो, परवानगीच्या मार्गाने महिना-दोन महिने लागतील, व्हिजिट व्हिसावर पुढच्या आठवड्यात निघता येईल. गवंडी होकार देतो. विमानतळावर विचारले तर “भावाला भेटायला चाललो” असे सांगायला त्याला शिकवले जाते.

आता तिथे पोचल्यावर त्याला कबूल केलेल्या पगारापेक्षा कमी पैसे दिले, असे समजू.

- करार दाखवायचा म्हटले, तर दूतावासाने साक्षांकित केलेला करार नाही. एजंटने मोबाइलवर पाठवलेला फोटो आहे.
- मालकाविरुद्ध तक्रार करायची, तर मालकाने ई-मायग्रेटवर या कामगाराची मागणी नोंदवलेलीच नाही.
- एजंटला जाब विचारायचा, तर सरकारी नोंदीत त्याने नोकरीसाठी कोणालाही पाठवलेले नाही.
- विम्याचा आधार घ्यायचा, तर पॉलिसीच काढलेली नाही.
- तिथल्या कामगार कार्यालयात जायचे, तर व्हिजिट व्हिसावर काम करणे हाच तिथे गुन्हा आहे. मुदत संपल्यावर थांबल्यास दररोज दंड वाढू शकतो.

म्हणजे वाचवलेल्या दोन महिन्यांच्या बदल्यात त्याने आपल्या बाजूचे सर्व पुरावे गमावले. शिवाय प्रवासाचा हेतू खोटा सांगितल्याचा संशय आल्यास त्याला भारतातील विमानतळावरूनच परत पाठवले जाऊ शकते. मग तिकिटाचे आणि एजंटला दिलेले पैसे परत मिळतील याची खात्री उरत नाही.

जे या मार्गाने आधीच गेले आहेत आणि अडचणीत आहेत, त्यांनी मात्र दूतावासात जाण्यास घाबरू नये. अडचणीत सापडलेल्या भारतीयांना मदत करणे हे दूतावासाचे काम आहे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजू व्यक्तींना तात्पुरता निवारा, कायदेशीर साहाय्य, उपचार आणि परतीचे तिकीट अशी मदत दिली जाते.

इतर कागदपत्रे

*वैद्यकीय तपासणी:* सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहारीन या देशांसाठीची तपासणी ‘वाफिद’ या प्रणालीत नोंदलेल्या केंद्रांतच करावी लागते. पूर्वी ही व्यवस्था ‘गामका’ या नावाने ओळखली जात असे आणि अनेक एजंट अजूनही तेच नाव वापरतात.

*प्रमाणपत्रांचे साक्षांकन:* भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. सौदी अरेबिया, ओमान आणि बहारीन हेही सदस्य असल्याने तिथे परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल चालते. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेतसाठी मात्र परराष्ट्र मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. दोन्ही प्रकारांत मूळ प्रमाणपत्राची आधी राज्य पातळीवर पडताळणी होते.

*कौशल्य चाचणी:* सौदी अरेबियासाठी प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांसारख्या काही व्यवसायांत भारतातच कौशल्य पडताळणी चाचणी द्यावी लागते.

निघण्यापूर्वी आणि पोचल्यावर

परराष्ट्र मंत्रालयातर्फे जाणाऱ्या कामगारांसाठी प्रस्थानपूर्व मार्गदर्शन प्रशिक्षण दिले जाते. ते एक दिवसाचे आणि मोफत असते. त्यात त्या देशाचे कायदे, चालीरीती, कामगाराचे हक्क आणि तक्रारीचे मार्ग सांगितले जातात.

पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा पॉलिसी आणि परवानगी यांच्या प्रतींचे दोन संच करा. एक स्वतःजवळ ठेवा, दुसरा घरी द्या. मोबाइलमध्ये फोटोही ठेवा, पण केवळ मोबाइलवर विसंबू नका.

तिथे पोचल्यावर नवा करार पुढे करून सही मागितली, तर आधीच्या कराराशी तो ताडून पाहा. पगार किंवा काम बदलले असेल, तर सही करण्यापूर्वी दूतावासाशी संपर्क साधा. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाने तो काढून घेतला आणि मागूनही परत दिला नाही, तर त्याचीही तक्रार करता येते.

तक्रार कोठे करावी?

- प्रवासी भारतीय सहायता केंद्र: १८००-११-३०९०, भारतातून मोफत. जाण्यापूर्वीच्या शंकांसाठीही याच क्रमांकावर विचारता येते.
- ई-मायग्रेट पोर्टल: एजंट किंवा परदेशी मालकाविरुद्ध तक्रार नोंदवण्यासाठी.
- मदद पोर्टल: परदेशात अडचणीत असलेल्या व्यक्तीसाठी. तिच्या वतीने भारतातील नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा.
- स्थानिक पोलीस ठाणे: विनापरवाना एजंटने पैसे किंवा पासपोर्ट घेतला असल्यास.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा पासपोर्ट ईसीआर आहे आणि मला जर्मनीत नोकरी मिळाली आहे. परवानगी लागेल का?
नाही. जर्मनी १८ देशांच्या यादीत नाही. व्हिसाच्या अटी मात्र पूर्ण कराव्या लागतील.

माझा पासपोर्ट ईसीएनआर आहे. मला ई-मायग्रेटचा काही उपयोग आहे का?
आहे. एजंटची पडताळणी कोणालाही करता येते आणि ईसीएनआर पासपोर्टधारकांना स्वेच्छेने नोंदणी करण्याचीही सोय आहे. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी देतो म्हणून बोलावून म्यानमार, लाओस किंवा कंबोडियातील सायबर फसवणुकीच्या केंद्रांत डांबलेल्यांमध्ये पदवीधर तरुणही होते. पर्यटक व्हिसा किंवा व्हिसा ऑन अरायव्हलवर नोकरी करता येत नाही, हे शिक्षण कितीही असले तरी लागू आहे.

एजंट म्हणतो, परवानगी विमानतळावर मिळेल. हे खरे आहे का?
नाही. परवानगी प्रवासापूर्वी ई-मायग्रेटवरून घ्यावी लागते. विमानतळावर ती फक्त तपासली जाते.

एजंटने माझा मूळ पासपोर्ट ठेवून घेतला आहे. काय करावे?
व्हिसाच्या कामासाठी पासपोर्ट दिला असेल, तर त्याची तारीख असलेली लेखी पोच घ्या. काम रद्द झाल्यावरही तो परत करत नसेल किंवा त्यासाठी पैसे मागत असेल, तर ई-मायग्रेटवर आणि पोलिसांकडे तक्रार करा.

पतीच्या मृत्यूनंतर विम्याचा दावा कसा करायचा?
पॉलिसीवर ज्या विमा कंपनीचे नाव आहे तिच्याशी संपर्क साधा. मृत्यू परदेशात झाला असेल, तर भारतीय दूतावासाचे प्रमाणपत्र दाव्यासाठी ग्राह्य धरले जाते. पॉलिसीची प्रत सापडत नसेल, तर पासपोर्ट क्रमांक घेऊन सहायता केंद्राच्या मोफत क्रमांकावर विचारणा करा.

सूचना: ई-मायग्रेट, मदद आणि पासपोर्ट सेवा या शासकीय पोर्टलांचे पत्ते ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतात. मिळत्याजुळत्या नावाच्या खासगी संकेतस्थळांवर माहिती किंवा पैसे भरू नयेत. शुल्क आणि देशांच्या यादीत वेळोवेळी बदल होऊ शकतो. अर्ज करण्यापूर्वी ई-मायग्रेट पोर्टलवर एकदा खात्री करून घ्यावी.